एक ते पन्नास, तेही दोनदा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या नंदनवनातल्या गल्लीत पोट्टे सकाळपासून लाकडी नंदी सजवत होते. शेजारचा सव्वाचार वर्षांचा मुलगा मात्र माझ्या ओसरीवर वही घेऊन बसला होता. त्याच्या आईला कामावरून सुट्टी नव्हती. केजी-वनचा गृहपाठ होता, एक ते पन्नास आकडे, तेही दोनदा. पेन्सिल मुसळासारखी मुठीत धरलेली, तीनचा आकडा दर वेळी उलटा. गाडी तेवीसवर आली आणि थांबली. "आजी, हात दुखून राहिला." (नंदीची घुंगरमाळ त्याने सकाळीच खिशात कोंबून आणली होती, हे मला नंतर कळलं.)

तो कांगावा करत नव्हता. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात त्यांच्या जागी नुसती मऊ कूर्चा असते. मग वर्षागणिक एकेकीचं हाड होत जातं, शेवटचं तर नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास. म्हणूनच तर डॉक्टर हाताचा एक्स-रे काढून मुलाच्या वयाचा अंदाज बांधतात. पेन्सिल चिमटीत धरायची तर आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, मग बोटं अशी ताकद उतरत यावी लागते. ती येते कणीक मळून, मटार सोलून, दोरी ओढून. संत्र्याच्या दिवसांत मी अंगणवाडीत पोरांपुढे संत्री ठेवायची. अंगठा सालीत खुपसून फोडी न फोडता ज्याला सोलता आलं, त्याच्या हाती खडू द्यायला हरकत नाही, एवढीच माझी परीक्षा. तीस वर्षांत तिने मला फसवलं नाही. राहिला उलटा तीन. या वयात पुष्कळ मुलं आकडे-अक्षरं आरशातल्यासारखी लिहितात, आणि सहा-सात वर्षांची झाली की बहुतेकांचं ते आपोआप जातं. त्यावर लाल रेघ मारून काय साधतं?

वही बाजूला ठेवून मी त्याच्यापुढे चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, पाच-पाच. "सारखे," म्हणाला. त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांब पसरवली. "आता यात जास्त." आठ वर्षांची बहीण खो-खो हसली, "अरे, तेवढेच आहेत ना, बाप्पा!" झाँ पियाजे या स्विस संशोधकाने मुलांपुढे अशाच ओळी मांडून विसाव्या शतकात हे दाखवून दिलं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मूल डोळ्यांना दिसेल त्यावर विश्वास ठेवतं. म्हणजे ज्याच्या मनात पाच अजून पाच राहत नाहीत, त्याच्याकडून आपण पन्नास गिरवून घेतो. ती गणती नव्हे, नक्षी झाली.

मी आईला दोष देत नाही. "काकू, बाजूच्या फ्लॅटमधली शंभरपर्यंत लिहिते, हा मागे पडला तर?" हे विचारताना तिचा चेहरा उतरला होता. डायरीत शेरा आला की कोणाचाही उतरेल. पण २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा तीन ते आठ वर्षं, म्हणजे दुसरीपर्यंतचा काळ, एकच टप्पा मानतं आणि खेळातून शिकवा म्हणतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात, पानं-खडे-शिंपले घेऊन हेच करून दाखवलं होतं. आपल्या महाराष्ट्रातच. आणि आपण चकचकीत इमारतीत पोराला बाकावर बसवून फी भरतो.

शाळांनी पहिलीपर्यंत लेखी गृहपाठ बंद करावा, एवढीच माझी मागणी आहे. आणि पालकसभेला जाणाऱ्यांनी 'किती पानं झाली' याऐवजी 'आज मातीत हात घातला का' हे एकदा विचारून पाहावं. विचारणारे चार जण झाले तरी शाळेला उत्तर द्यावं लागेल.

पोराला मी नंदी घेऊन पाठवलं. संध्याकाळी तो बोजाऱ्याची, म्हणजे दारोदारी नंदी नेल्यावर मिळालेली, नाणी घेऊन आला आणि ओसरीवर फतकल मारून रुपयाची एकीकडे, दोनची एकीकडे, पाचची एकीकडे अशा ढिगाऱ्या लावत बसला. कोणी सांगितलं नव्हतं. वही तेवीसवरच आहे. दुसऱ्या दिवशी शेरा आला, त्याखाली सही मी केली.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, नंदनवन, नागपूर