चि. सुहासला, गाडीच्या मिसिंगबद्दल

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलास आणि रात्री 'पोचलो' एवढाच मेसेज आला. भांडणाचं मला काही नाही, बापलेकांचं ते चालायचंच. पण गाडी आहे तशीच मिसिंग करत, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेटायचा राहत असताना, घेऊन येत्या शनिवारी तू पुन्हा साखरप्यावरून रात्रीचा आंबा घाट चढणार, हे डोक्यातून जात नाही. फोनवर तू 'हो हो' म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले.

आधी बाबांचं सांगते. ते ओरडले ते रागाने नाही. कानाचं यंत्र लावलेलं नव्हतं, आणि यंत्र नसलं की त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. आयुष्यभर ज्या माणसाने बॉनेटवर हात ठेवून, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून कुठला सिलिंडर मार खातोय ते सांगितलं, त्याला आता दारात उभ्या असलेल्या गाडीचं मिसिंग ऐकू येत नाही. ते विचारत होते ते एवढंच, की प्लग बदलले, केबल बदलल्या, कॉइल बदलली, कार्बोरेटर उतरवून साफ केला, पण ह्यातलं काय खराब होतं ते कोणी तपासलं का? तू म्हणालास, 'मेकॅनिक म्हणाला बदलून बघू.' तिथून भडका उडाला.

मी दुकानाच्या काउंटरवर बसून अशी माणसं फार बघितली. आज कॉइल न्यायची, चार दिवसांनी रोटर, मग परत येऊन म्हणायचं, 'वहिनी, कॉइल चांगलीच होती, ही नवी परत घ्या.' मागे पाटी लावलेली असायची, इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही. उद्यमनगरात सगळ्यांच्याच दुकानात ती असायची. आपला धंदा व्हायचा, पण त्या माणसाची गाडी तशीच. बाबांना ते बघवायचं नाही. ते गिऱ्हाइकालाच विचारत बसायचे: गाडी मिसिंग कधी करते? थंड असताना की तापल्यावर? उभी असताना की चढाला? पावसात वाढतं का? मला तेव्हा वाटायचं, माल विकायचा सोडून हे चौकशी काय करतात.

आता तुझ्या गाडीचं. तू म्हणालास, गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी चालते आणि घाटात आचके देते, म्हणून मेकॅनिक मानत नाही. अरे, खूण तीच तर आहे. चढाला तू ॲक्सिलरेटर दाबतोस तेव्हा सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण जातं आणि दाबलं गेल्यावर तिथला दाब वाढतो. दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेजही जास्त लागतं. मग वाटेत कुठे डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डब्याच्या, कॅपला बारीक तडा असेल, केबलचं रबर सुटलं असेल, तर वीज प्लगपर्यंत न जाता तिथूनच बॉडीला पळते. उभ्या गाडीत तेवढं व्होल्टेज लागतच नाही, म्हणून काही कळत नाही. भार आल्यावर बोलणारा दोष आहे हा. तू पुलाचे खांब उभे करतोस, रिकाम्या पुलावर उभं राहून कोणी पूल पास करत नाही हे तुला मी सांगायला नको.

आणि गाडी मारुती एट-हंड्रेड. तीनच सिलिंडर, ७९६ सीसी, नवी असताना ३७ अश्वशक्ती. त्यातला एक बसला की उरलेले दोघे गाडी ओढतात आणि वर त्या मेलेल्याचा पिस्टनही त्यांनाच हलवावा लागतो. मागे उसाचा नाही तर कोळशाचा ट्रक लागलेला, वळण उलट्या हाताचं, आणि गाडी दुसऱ्या गिअरलाही चढत नाही. विजूमामाच्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे. ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी लिहिलं.

आधी एक ओळख. मिसिंग ठेक्यात आहे का? एकाच सिलिंडरचं असेल तर गाडी एका लयीत लंगडते, फट-फट-थांब, फट-फट-थांब, आणि सायलेन्सरमागे हात धरला तर तो खंड हातालाही कळतो. पण सगळी गाडीच एकदम ढासळत असेल आणि थोडं थांबून पुन्हा उचलत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर तुंबला असेल, पंप कमजोर असेल, टाकीत पाणी असेल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. तेव्हा पेट्रोलचे पाइप बोटांनी दाबून बघ, मऊ किंवा चिकट झाले असतील तर लगेच बदल. इथे मात्र तपासत बसू नकोस, त्याला आग लागायला वेळ लागत नाही.

तू सांगितलंस त्यावरून आवाज ठेक्यातला आहे आणि सकाळी पहिली पाच मिनिटं गाडी थरथरते. मग त्या पाच मिनिटांतच पकड. इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची केबल काढायची. जी काढल्यावर इंजिन आणखी लडखडलं तो सिलिंडर काम करतोय. जी काढून काहीच फरक पडला नाही तो मेलेला. काढलेली केबल हवेत लोंबत ठेवू नकोस, एक जुना प्लग अडकवून तो इंजिनच्या लोखंडाला टेकव, नाही तर कॉइलवर ताण येतो आणि तुलाही झटका बसेल. सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लाव. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग. नवा आहे म्हणून चांगला असं समजू नकोस, बसवताना पाना तिरका झाला की पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढा तडा जातो आणि नंतर त्यावर काळी रेघ उमटते. सरकला नाही तर केबल अदलाबदल कर. तरीही नाही, तर कॅप.

बाबांचा संशय कॅपवरच आहे. इतकं सगळं बदललं पण डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि तिच्या आत फिरून वीज वाटणारा रोटर जुनेच, हे बोलण्यातून त्यांनी बरोबर टिपलं. तू भाट्याला समुद्राच्या तोंडावर राहतोस, गाडी रात्रभर उघड्यावर खाऱ्या हवेत. आतली टोकं हिरवट पडली असतील, मधला कार्बनचा खिळा झिजला असेल, किंवा दोन टोकांमध्ये कोळशाची बारीक रेघ पडली असेल. रात्री अंगणातला दिवा बंद कर, बॉनेट उघड, झाडांना पाणी मारतो त्या स्प्रेने केबल आणि कॅपवर अगदी बारीक तुषार मार आणि जरा रेस कर. वीज निसटत असेल तिथे निळी ठिणगी नाचताना दिसेल. हात आत घालायचा नाही, शर्टाच्या बाह्या पंख्यापासून लांब. मी हे लहान मुलाला सांगितल्यासारखं सांगतेय, रागावू नकोस. सहावीत असताना चौकात एकट्याने स्टेपनी बदलणारा तू, बाबा आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात.

ठिणगी सगळीकडे नीट निघाली तर मात्र कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घे. तिन्ही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चांगली भरलेली असताना. तिघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन कमी आले तर बहुतेक हेड गॅसकेटच. आणि व्हॉल्व्ह उघडणारा टॅपेट वाजत नाही म्हणून खूश होऊ नकोस. वाजणारा टॅपेट आवाज तरी करतो, घट्ट बसलेला गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतो, कारण व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. गॅरेजवाला 'बघायची गरज नाही' म्हणाला तर दुसरीकडे जा. पैसे मी देईन.

दोष काढायची अक्कल तुला आहे, ती मला माहीत आहे. मला भीती आहे ती तू न काढता निघशील ह्याची. अनघाचे दिवस भरत आलेत, तुला दर शनिवारी यावंसं वाटणार, ते मला कळतं. पण कळ आली तर तिच्याजवळ मी आहे, समोरची ताई आहे, दवाखाना दहा मिनिटांवर. तू घाटात अडकलास तर तुझ्याजवळ कोण आहे? मध्ये फोनला रेंजही नसते. आणि तिला त्या वेळी तुझी वाट बघायला लावणं मला बघवणार नाही.

तेव्हा ह्या शनिवारी एसटीने ये. दुपारची गाडी घे म्हणजे उजेडात घाट संपतो. यायचंच असेल गाडीने तर रविवारी पहाटे ये, रात्री नाही. पुन्हा तेच लिहिलं ना? असू दे.

विकायची म्हणालास त्यावर मी काही बोलणार नाही, गाडी तुझी आहे. फक्त दोष सापडल्यावर ठरव. आणि दोष सांगून विक, घेणाराही कुठला तरी घाट चढणारच आहे.

बाबा बोलत नाहीत पण मी लिहितेय हे त्यांना माहीत आहे. दोनदा येऊन विचारून गेले, रोटरचं लिहिलंस का.

तुझी,
आई

ता. क. नवी कॅप बसवलीस तर जुनी तिथल्या गॅरेजमध्ये टाकून येऊ नकोस. एसटीने आलास तरी पिशवीत घालून आण, बाबांना ती भिंगाखाली बघायची आहे. आणि केबल काढण्याआधी कॅपवर १-२-३ अशा खुणा कर. हिचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे, दोन केबलींची अदलाबदल झाली तर गाडी नव्याने मिसिंग करेल आणि तू पुन्हा बाबांवर चिडशील.