पुरस्कार द्यावा, पण दहा वर्षांनी पाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आईला घेऊन जंगली महाराज रस्त्यावर गेले होते. आईचे वय ८१, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, हातात काठी. बालगंधर्व रंगमंदिरापाशी रिक्षातून उतरलो आणि तीच म्हणाली, "संभाजी बागेपर्यंत चालत जाऊ गं." आमच्या कोथरूडच्या गल्लीत ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एकटी जात नाही. इथे मात्र ती माझा हात न धरता चालली. पदपथ रुंद, चढउतार नाही, झाडांची सावली आणि दमले की बसायला बाक. मध्ये एकदा बसली, शेजारच्या आजोबांशी गप्पा मारल्या, पुन्हा उठली. शहर चांगले असणे म्हणजे काय, ते मला त्या अर्ध्या तासात दिसले.

हाच पदपथ आणि औंधचा डीपी रस्ता, ई-बस आणि सायकल योजना, या कामांच्या जोरावर पुण्याला २०२० चा आंतरराष्ट्रीय शाश्वत वाहतूक पुरस्कार मिळाला. त्याची घोषणा जून २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात झाली. याआधी २०१० मध्ये 'जनमार्ग' या बीआरटीसाठी, म्हणजे बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गिकेसाठी, अहमदाबादला तो मिळाला होता. आपल्या शहराचे नाव त्या यादीत आले याचा मला तेव्हाही अभिमान वाटला होता, आजही वाटतो. पण पुरस्काराच्या कौतुकात ज्या कामांचा उल्लेख झाला, त्यांतले आज काय उरले आहे, हे कुणीतरी मोजायला हवे.

सायकलींचेच घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. माझा मुलगा तेव्हा अकरावीत होता, क्लासला त्याच सायकलने जायचा. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. बीआरटीचे दुःख त्याहून मोठे आहे. देशात बीआरटीचा पहिला प्रयोग २००६ मध्ये आपल्याच कात्रज-हडपसर मार्गावर झाला. तो फसला, त्यातून शिकून २०१५ पासून नवे मार्ग सुरू झाले. नगर रस्त्यावरचा मार्ग २०१६ चा. २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने उखडला गेला. रस्त्याच्या मधल्या थांब्यावर एका पातळीत बसमध्ये पाऊल टाकणारी माझी मैत्रीण आता डाव्या कडेला रिक्षांच्या गर्दीत उभी असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये २५ गाड्यांनी सुरू झालेली ई-बस मात्र टिकली आणि वाढली. धूर नाही, खडखड नाही. तिच्यात बसले की अजूनही बरे वाटते. मग ई-बस का टिकली आणि सायकल का गेली, हा अभ्यास कुठल्याही ट्रॉफीपेक्षा दुसऱ्या शहरांना जास्त उपयोगी पडेल.

जंगली महाराज रस्त्याचीच एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जुन्या पुणेकरांना ती पाठ आहे, नव्यांना कदाचित नसेल. हा रस्ता सत्तरच्या दशकात रेकॉन्डो या मुंबईच्या कंपनीने बांधला. तेव्हा स्थायी समितीचे अध्यक्ष असलेले श्रीकांत शिरोळे यांनी त्याचा आग्रह धरला होता. दहा वर्षे खड्डा पडणार नाही, अशी लेखी हमी कंपनीने दिली. १९७६ मध्ये रस्ता पूर्ण झाला. दहा वर्षे उलटली आणि त्यानंतरही कितीतरी पावसाळे त्याने तसेच काढले. आजही पुण्यात कुठे खड्डा दिसला की लोक जंगली महाराज रस्त्याचे नाव काढतात. या रस्त्याचा मान दहा वर्षांच्या पावसाने ठरवला.

पुरस्कारांनाही हाच नियम लावावा, एवढेच मला म्हणायचे आहे. आपल्या राज्यात चांगल्या कामाचा गौरव करण्याची परंपरा जुनी आहे. गाडगेबाबांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानाने गावेच्या गावे झाडून निघाली. २०२० पासून पर्यावरणासाठीचे 'माझी वसुंधरा' अभियान आहे, एसटीच्या स्वच्छ बसस्थानकांची स्पर्धा आहे. स्पर्धेमुळे माणसे हिरिरीने कामाला लागतात, हे मी माझ्या माहेरच्या गावात पाहिले आहे. पण समिती येऊन गेली की रंगवलेल्या भिंतीचे पोपडे कोण पाहतो? म्हणून पहिल्या वर्षी फक्त नोंद करावी आणि खरा पुरस्कार पाचव्या, दहाव्या वर्षी त्याच जागी पुन्हा जाऊन द्यावा. तेव्हा बस किती मिनिटांनी येते, काठी घेतलेली बाई एकटी रस्ता ओलांडू शकते का, शाळेची मुले सायकलने येतात का, हे पाहावे.

आणि गौरव करताना रोज ते काम जिवंत ठेवणाऱ्यांना व्यासपीठावर बोलवावे. त्या रविवारी परतताना वाहने पदपथावर चढू नयेत म्हणून लावलेला एक बोलार्ड, म्हणजे बुटका खांब, मोडलेला दिसला. त्या फटीतून एक दुचाकी पदपथावर चढली आणि आई दचकून भिंतीला टेकली. एवढ्या एका लोखंडी खांबाने तिचा सगळा धीर गेला; पुढे रिक्षा मिळेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. आमच्या भागातल्या नव्या पदपथावर तर अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशा थेट विजेच्या पेटीला, म्हणजे डीपीला, जाऊन भिडतात. तो मोडका खांब त्याच आठवड्यात बदलणारा कर्मचारी आणि ती फरशी डीपीला वळसा घालून नेणारा मिस्त्री यांच्या नावाची शाल कधी कुणी आणली आहे का?

आपल्या दैनिकाने याची सुरुवात करावी, अशी विनंती आहे. ज्या कामांना गेल्या दहा वर्षांत पुरस्कार मिळाले, त्यांच्या जागी दर महिन्याला एकदा बातमीदार आणि छायाचित्रकार पाठवा, जे दिसेल ते छापा. जंगली महाराज रस्त्यावर येणार असाल तर सकाळी दहाच्या सुमारास या. आई आणि मी संभाजी बागेजवळच्या बाकावर असू.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे