सात म्हणजे शेत

मिरज,
रविवार दुपार

प्रिय अश्विनी,

तुझं पत्र बुधवारी आलं. नणंदेला माझ्यासारखं मेडिकल रेकॉर्डचं, म्हणजे दवाखान्यातल्या नोंदी सांभाळायचं, शिक्षण द्यावं का, असं विचारलंयस आणि मामंजींचं वाक्य जसंच्या तसं उतरवलंयस: "दवाखान्यात फायली लावायला कॉलेज कशाला लागतंय?" अगं, हेच वाक्य आमच्या घरी चुलत्यांनी म्हटलं होतं. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. आता देते. पत्र लांबेल, पण सगळं वाच, आणि जमलं तर मामंजींनाही वाचून दाखव.

सुरुवात आप्पांपासून करावी लागेल. ती रात्र तुला माहीतच आहे. २०१७ चा जुलै. भिलवडीतून जीप निघाली तेव्हा तू दारात उभी होतीस. शेताची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून आप्पा पाणी पाजून वस्तीवरच खोपटात पोतं अंथरून झोपले होते. दोनच्या सुमाराला पोटात दुखतंय म्हणून घरी चालत आले. आईनं ओवा दिला. मग त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. आम्हाला वाटलं, दिवसभर राबलेत, झोप आवरत नाही. सांगलीला पोचेपर्यंत श्वास अडकायला लागला होता, आणि उजाडायच्या आत सगळं संपलं.

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर मरणाचं कारण लिहिलं होतं, कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. हृदय आणि श्वास थांबला. आईनं तो कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि आपलं गाव पाण्यात बुडालं. तेव्हा धान्याच्या आधी तिनं ती ट्रंक माडीवर नेली. पण तो कागद कुठंच उपयोगी पडला नाही. शेतकरी अपघात विम्याच्या दोन लाखांचं प्रकरण दाखलसुद्धा झालं नाही, कारण त्यावर अपघाताचा एक शब्द नव्हता. आम्हीही कोणाला विचारलं नाही. काय विचारायचं, हेच माहीत नव्हतं.

पुढे मी या कोर्सला आले. खरं सांगायचं तर नर्सिंगला जागा मिळाली नाही म्हणून आले. दुसऱ्या वर्षी सरांनी नमुना ४ फळ्यावर काढला. दवाखान्यात कोणी दगावलं की डॉक्टर भरतात तो मृत्यूच्या कारणाचा दाखला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातून तो आलाय. त्यात (अ), (ब), (क) अशा ओळी असतात. वर लगेचचं कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याहीखाली ते कशामुळे. असं खाली खाली उतरत मुळापाशी जायचं, आणि मोजणीत धरतात ते तळातलं मूळ कारण. सर म्हणाले, "हृदय थांबणं ही मरणाची रीत झाली, ते कारण नव्हे. हृदय थांबल्याशिवाय कोणी मरतं का?" मी वहीत लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवला.

त्याच तासाला सरावासाठी एक केस दिली. शेतकरी, जमिनीवर झोपलेला, रात्री पोटदुखी, पापण्या जड, गिळता येईना, श्वास मंदावत गेला, अंगावर दंशाची खूण सापडत नाही. अश्विनी, ती मण्यार. ती अंथरुणात शिरते, दंश बऱ्याचदा कळतच नाही, सूज येत नाही, आणि विष नसांवर चालतं म्हणून आधी पापण्या मिटतात. मी शेजारच्या मुलीला म्हटलं, मला बाहेर जायचंय. बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिले.

परत येऊन त्याचा कोड, म्हणजे आजाराला दिलेला ठरलेला क्रमांक, शोधला. जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं वर्गीकरण आहे, आम्ही त्याला आयसीडी म्हणतो. आम्ही शिकलो ती दहावी आवृत्ती, १९९० साली मंजूर झालेली. तिचे तीन जाड खंड. नियम असा की तिसऱ्या खंडातल्या अक्षरसूचीत शोधायचं, पण तिथला आकडा तसाच उचलायचा नाही, पहिल्या खंडात जाऊन खात्री करायची. शोधतानाही अवयवाच्या नावानं नाही, बिघाडाच्या नावानं. मांडीचं हाड मोडलं तर 'मांडी' नाही, 'मोड' शोधायचं. मला टी ६३.० सापडला, सापाचं विष. मग हे कशामुळे घडलं त्याचा वेगळा कोड, एक्स २०, विषारी सापाशी संपर्क. त्यापुढे आणखी एक आकडा, कुठं घडलं ते सांगणारा. शून्य म्हणजे घर, चार म्हणजे रस्ता, सात म्हणजे शेत. एक्स २०.७. पाणी पाजणं, खोपट, पोतं, रात्रीची लाईट, हे सगळं त्या साताशेजारी मला दिसत होतं. आप्पांच्या दाखल्यावरून मात्र फार तर आय ४६.९ निघाला असता. हृदय थांबलं, तपशील नाही.

आप्पांना मण्यारच चावली, असं मी छातीठोक सांगणार नाही. त्यांचा केसपेपर मिळाला असता तर काही कळलं असतं. रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितलं तर ७२ तासांत कागद द्यायचे, असा डॉक्टरांसाठी नियम आहे, तो मी तेव्हाच शिकले होते. आईची सही घेऊन गेले. पण भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं ठेवणं बंधनकारक असतं आणि मी गेले चौथ्या वर्षी. नियमाप्रमाणे फाईल नष्ट झाली होती. तिथल्या बाईंनी नोंदवही उघडून मला ती ओळ दाखवली. बोट ठेवून दाखवली, आणि चहा पाजला.

आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सापाच्या विषानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. हा अंदाज मिळाला घराघरांत जाऊन मेलेल्या माणसांच्या नातलगांना विचारून. दवाखान्यांच्या वह्यांतून तो निघालाच नसता, कारण पुष्कळ माणसं तिथं पोचतच नाहीत आणि पोचतात त्यांतल्या कितीकांची नोंद आप्पांसारखी होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की सर्पदंश हा नोंद सक्तीचा आजार करा. ते वाचून मी आईला फोन केला. आकडा असला तर सापाच्या विषावरची लस कुठं किती ठेवायची ते ठरतं. आता मामंजींना विचार, हे फायली लावणं आहे का?

बरं, फायली लावणंही सोपं नाही. मिरजेत वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे डॉक्टरांचं गाव. अथणी, चिकोडी, जत, कुठून कुठून माणसं येतात. एकच बाई माहेरच्या नावानं एकदा, सासरच्या नावानं एकदा, आणि तिसऱ्यांदा कन्नड वळणाच्या स्पेलिंगनं. तीन फायली झाल्या की पहिल्या फाईलमधली पेनिसिलिनची अॅलर्जी तिसरीत नसते. म्हणून नावावर न जाता प्रत्येकाला एकच कायमचा नंबर. आणि फाईल लावायची तीसुद्धा शेवटच्या दोन आकड्यांवरून. ४५-२३-१७ असेल तर आधी १७ चं कपाट, मग २३, मग ४५. नव्या फायली सगळ्या एकाच टोकाला साचत नाहीत, शंभर कप्प्यांत सारख्या पसरतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता, की मी वसतिगृहात सगळ्यांना समजावत फिरले.

अभ्यासात काय असतं, तेही विचारलंयस. शरीररचना, शरीरक्रिया, वैद्यकीय परिभाषा, कोडिंग, सांख्यिकी, कायदा, संगणक. परिभाषेला घाबरू नको म्हणावं. ते आपल्या संधी-समासांसारखं आहे. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टमी' आलं की कापून काढणं. शब्द फोडायचा आणि जोडायचा. नजर मात्र तीक्ष्ण हवी. इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, आणि इलियम म्हणजेच कमरेचं हाड. देवनागरीत दोन्ही सारखे, इंग्रजीत एका अक्षराचा फरक. 'एमएस' लिहिलं तर हृदयाची झडप आखडली, की मज्जातंतूंचा आजार, की मॉर्फीन? पुढचं-मागचं वाचल्याशिवाय ठरवायचं नाही. सांख्यिकी कंटाळवाणी वाटते, पण खाटा किती भरल्या, रुग्ण सरासरी किती दिवस राहिला, हे काढायला लागलं की त्यातही जीव रमतो.

कॉलेजात न शिकवता येणारी गोष्ट म्हणजे तोंड मिटून राहणं. चुलतीनं एकदा एसटीत विचारलं, शेजारच्या मुलीचा कसला रिपोर्ट आला गं? मी म्हटलं, मला सांगता येत नाही. ती वर्षभर नीट बोलली नाही. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याच्या आधीपासून आमच्या सरांचं म्हणणं होतं की रेकॉर्डरूमच्या बाहेर आलं की आपण काही वाचलेलंच नसतं. तुझ्या नणंदेच्या पोटात गोष्ट राहते का? हे तू मला खरं खरं सांग. बाकी सगळं शिकता येतं.

आता पैशाचं. सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि डॉक्टरांच्या मागे सही-तारखेसाठी फिरताना कधी कधी अपमानही वाटतो. पुण्यात अमेरिकन दवाखान्यांची बिलं कोड करणाऱ्या कंपन्या आहेत, तिथं जास्त मिळतं. तिकडचा आयसीडीचा अवतार वेगळा आहे, २०१५ पासून लागू झालेला, हजारो जास्तीच्या कोडांचा, आणि परीक्षाही त्यांच्याच. काही महिन्यांचे क्लास त्यासाठीच निघालेत. ते वाईट नाहीत, घराला लगेच पैसा हवा असेल तर जरूर करावेत. पण तिथं सगळं बिलासाठी असतं, समोर माणूस नसतो. माझं मत विचारशील तर तिनं आधी पूर्ण शिक्षण घ्यावं. मणिपालला पदवी आहे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे शिक्षण वर्षानुवर्षं चालतंय. इतक्या लांब पाठवायचं नसेल तर जवळचं कॉलेज बघा, पण प्रवेशाआधी रेकॉर्डरूम दाखवा म्हणावं. हॉस्पिटल जोडलेलं नसेल, मुलांच्या हातात आयसीडीचे खंड नसतील, तर फी भरू नका. २०२१ च्या कायद्यानं आरोग्य माहिती व्यवस्थापन, म्हणजे हेच आमचं काम, हा वेगळा व्यवसाय मानलाय, त्यामुळे पुढे मान्यतेला महत्त्व येणार. तेही विचारून घ्या.

संगणक आल्यावर ही माणसं कशाला लागतील, असं तुझ्या नवऱ्यानं विचारलंय ना? आता आरोग्याच्या नोंदी जोडायला प्रत्येकासाठी १४ अंकी आभा नंबर निघालाय, फायली स्कॅन होतायत. पण ऐक. गेल्या महिन्यात एका बाईचा डिस्चार्ज कागद माझ्याकडे आला. नाव-गाव सांगणार नाही. निदान लिहिलं होतं, अज्ञात दंश. सिस्टीमनं ते मुकाट्यानं घेतलं असतं. मी मागची पानं चाळली. सिस्टरनी लिहिलेलं होतं की नातेवाइकांनी मोबाइलमध्ये सापाचा फोटो आणला, घोणस. नळीतलं रक्त वीस मिनिटांनी बघितलं, गोठलेलं नव्हतं, म्हणजे घोणसीच्या विषाचीच खूण. लस दिल्याची वेळ होती. आणि पहिल्याच पानावर, वैरण कापताना. मी फाईल घेऊन वॉर्डात गेले. डॉक्टर चोवीस तास जागे होते, तरी त्यांनी बसून सगळं वाचलं, निदान दुरुस्त केलं, खाली सही केली, तारीख टाकली. मग मी खाली येऊन कोड भरला. टी ६३.०. एक्स २०. शेवटी सात. ती बाई त्याच दुपारी चालत घरी गेली.

नणंदेला घेऊन पुढच्या शनिवारी ये. रविवारी मला सुट्टी असते, म्हणून शनिवार. परवानगी काढून तिला आमचा विभाग बाहेरून दाखवते. फायली उघडून दाखवता येणार नाहीत, पण कपाटं, नोंदवह्या आणि आयसीडीचे खंड दाखवता येतील. मुक्कामाला आईकडे भिलवडीला जाऊ. ती हल्ली रात्री वस्तीवर कोणालाच खाली झोपू देत नाही. तिनं दोन बाजा आणि मच्छरदाण्या घेतल्यात.

तुझी,
शीतल

ता.क. तुझ्या सासूबाईंच्या आधार कार्डावर, रेशन कार्डावर आणि दवाखान्याच्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, ते बघून ठेव. नसेल तर येताना सगळ्यांच्या झेरॉक्स घेऊन ये, बसून जुळवू.