साहेब, बिलाचं नंतर बघू, आधी बोट सोडा

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री

साहेब नमस्कार,

नाशिकहून लिहितोय, समुद्रात तेल काढणाऱ्या कंपन्यांनी संकटात एकमेकांच्या मदतीला कसं धावावं त्याबद्दल. नाशिकच्या माणसाला समुद्रातल्या तेलाचं काय पडलंय असं तुमच्या ऑफिसात कोणी म्हणेल, आणि खरंय, आम्ही पूर आला की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, एवढंच बघणारी माणसं. पण हीच गोदावरी खाली आंध्रात समुद्राला मिळते तिथेच केजी बेसिन, म्हणजे कृष्णा-गोदावरीचं तेल-वायू क्षेत्र आहे, इकडे मनमाडजवळ पानेवाडीला तिन्ही सरकारी ऑइल कंपन्यांचे डेपो आहेत, आणि आमच्या सिडकोतली आयटीआय केलेली पोरं मुंबई हायला, म्हणजे अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रात, बार्जवर (कामगार राहतात त्या सपाट तळाच्या मोठ्या बोटीवर) वेल्डर, फिटर, रिगर म्हणून जातात. माझा भाचा त्यातलाच.

मी स्वतः सातपूर एमआयडीसीत २२ वर्षं सेफ्टीचं काम केलं. तिथे म्युच्युअल एड म्हणून प्रकार असतो, एका कंपनीत आग लागली की शेजारच्यांनी आपापले बंब, फोम, माणसं घेऊन धावायचं. कागदावर एकदम झकास. एकदा मॉक ड्रिलला शेजारच्या कंपनीचा बंब आमच्या गेटवर आला तर वॉचमनने गेटपास मागितला! कसाबसा आत घेतला तर त्यांच्या होजचं कपलिंग आमच्या हायड्रंटला बसेना. अकरा मिनिटं गेली, घड्याळ माझ्याच हातात होतं. ड्रिल होतं म्हणून सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी दोन अॅडॉप्टर आणून गेटच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगले आणि वॉचमनला सांगितलं, सायरन वाजला की पास नाही, वही नाही, गेट उघडायचं.

समुद्रात पण असाच गेटपास आडवा येतो असं माझं म्हणणं आहे.

२७ जुलै २००५ आठवा. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात गेलेली, हेलिकॉप्टर उडत नव्हती. ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावरच्या एका कुकची बोटं कापली गेली, त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ घेतलं, ते लाटेवर उचललं गेलं आणि गॅसच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपवर आदळलं, की आगीचा डोंब. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. ३८४ माणसांतली २२ गेली, ३६२ वाचली. ती वाचली कारण नौदल, तटरक्षक दल, आजूबाजूच्या सप्लाय बोटी, जो जवळ होता तो धावला. त्यातलं एक मला अजून झोपू देत नाही. समुद्र सुरक्षावर सहा डायव्हर प्रेशर चेंबरमध्ये होते, सगळ्यांनी जहाज सोडलं आणि हे आतच, कारण चेंबरचा दरवाजा असा पटकन उघडता येत नाही, दाब हळूहळू उतरवावा लागतो, घाई केली तर माणूस तिथेच मरतो. दीड दिवसाने त्यांना काढलं. अशा वेळी जवळपास कुठल्या कंपनीच्या जहाजावर डायव्हिंगची टीम आहे हे फोन करून विचारत बसायचं का?

२०२२ च्या जूनमध्ये मुंबई हायलाच समुद्रात हेलिकॉप्टर पडलं, नऊ जण होते, चार गेले, पाच वाचले ते रिगच्या रेस्क्यू बोटीमुळे आणि जवळच्या सपोर्ट जहाजामुळे. म्हणजे समुद्रात शेजारीच वाचवतो, मग तो कुणाचा का असेना.

आता तौक्ते वादळाचं. मे २०२१. पी-३०५ बार्जवर २६१ माणसं होती, वादळात अँकर तुटले, बार्ज वाहत जाऊन धडकली आणि १७ मेला बुडाली. ती आणि वरप्रदा नावाची टगबोट मिळून ८६ जण गेले. भाचा त्या बार्जवर नव्हता, दुसरीकडे होता, पण हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. बहीण त्रिमूर्ती चौकाजवळ राहते, लॉकडाऊन, बाहेर पडता येत नाही, ती फोन चार्जिंगला लावून खिडकीतच बसलेली कारण तिथेच रेंज. मी फोन करत होतो. माणसं पुरवणारी एजन्सी म्हणाली मेन कॉन्ट्रॅक्टरला विचारा, कॉन्ट्रॅक्टरचा फोन एंगेज, लागला तेव्हा म्हणाले लिस्ट अपडेट होतेय. तेल कंपनीकडे तर त्याचं नावच नव्हतं, कारण तो त्यांचा माणूस नाही ना! शेवटी त्यानेच कुणाच्या तरी फोनवरून केला, मामा मी आहे म्हणाला आणि कट.

नियम नाहीत असं मी म्हणतच नाही. ऑफशोअर सेफ्टीचे २००८ चे नियम आहेत, ते बघायला ओआयएसडी, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आहे, तेलगळतीसाठी १९९६ पासून राष्ट्रीय आराखडा आहे आणि त्याची सूत्रं तटरक्षक दलाकडे आहेत. पण एकमेकांना मदत करायचा करार कंपन्या-कंपन्यांत होतो आणि बार्जवरचा माणूस असतो कॉन्ट्रॅक्टरच्या कॉन्ट्रॅक्टरचा. त्याची बार्ज, त्याचे जीव वाचवायचे राफ्ट, त्याचं नाव त्या करारात असलंच पाहिजे, नाहीतर वर्क ऑर्डरच देऊ नका.

दुसरं म्हणजे पैसे. सपोर्ट बोटीचं भाडं दिवसावर असतं. काम सोडून शेजाऱ्याकडे धावली तर तो दिवस कुणाच्या खात्यात, बोट आपटली तर विमा कुणाचा, हे कॅप्टनने त्या क्षणी ऑफिसला विचारायला लागू नये. आधीच ठरवून टाका, बोट आधी सुटणार, हिशोब नंतर. मेक्सिकोच्या आखातात २०१० साली फुटलेली विहीर ८७ दिवस तेल ओकत होती, त्यानंतर एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या चार बड्या ऑइल कंपन्यांनी मिळून विहीर आवरायचं सामान एकत्र ठेवायला वेगळी कंपनी काढली. आपण शहाणे व्हायला आधी ८७ दिवस कशाला मोजायचे?

आणि ड्रिल न सांगता घ्या, जूनमध्ये, लाटा असताना. डिसेंबरमध्ये फोटो चांगले येतात पण राफ्ट पंक्चर आहे की नाही ते कळत नाही.

भाचा पावसाळा संपला की परत जाणार आहे, एजन्सीचा फोन आलाय. बहिणीने कॅलेंडरच्या मागे नंबर लिहिलेत, एक एजन्सीचा, एक कॉन्ट्रॅक्टरचा, तिसरा तटरक्षक दलाचा १५५४ मी लिहायला लावला. पण तो समुद्रातल्या माणसाला शोधायला आहे, आमच्यासारख्यांना आज कुठल्या बार्जवर कोण आहे ते सांगायला नाही. त्यासाठीचा चौथा नंबर तुमच्या खात्याने द्यावा, खाली जागा सोडलीय तिने.

आपला,
सातपूरचा एक रिटायर्ड सेफ्टीवाला, नाशिक