इंग्रजी वाचायला शिकवण्याचा क्रम बदला: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरीही सहावी-सातवीतली कितीतरी मुले धड्याखालची उत्तरे घडाघडा म्हणतात आणि त्यातलाच एखादा शब्द फळ्यावर सुटा लिहिला की अडतात. मुलांची कुवत कमी नाही. आपला शिकवण्याचा क्रम चुकतो आहे.

‘बी फॉर बॅट’ने अक्षराचे नाव कळते, आवाज कळत नाही. सी, ए, टी ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. म्हणून आधी आवाज शिकवावेत आणि तेही ए ते झेड या क्रमाने नाही. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरे आली तरी सॅट, टॅप, पिन, टिन, पॅन, नॅप असे डझनावर शब्द वाचता येतात. इथे मराठी मुलांची खास अडचण येते. आपल्या ‘प’मध्ये ‘अ’ मिसळलेला असतो. मूल ‘प-इ-न’ असे पूर्ण अक्षरांनी जोडू पाहते आणि ‘पिन’ काही जुळत नाही. शिक्षकाने पाय मोडूनच ‘प्’, ‘न्’ म्हणायला हवे. जोडण्याचा सराव स्, म्, न् यांनी सुरू होणाऱ्या शब्दांपासून करावा, कारण हे आवाज लांबवता येतात. प् आणि ट् तोंडातून निघताच संपतात. ‘सिट’ आणि ‘सीट’ या जोड्याही पुन्हा पुन्हा ऐकवाव्या लागतात. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसे पाळत नाही, आणि तो गोंधळ पुढे स्पेलिंगमध्ये उतरतो.

वाचनाचे पहिले शब्द मुलांच्या तोंडातलेच घ्यावेत: बस, कप, पंप, बॅग, पिन. अर्थ आधीच ठाऊक असल्याने आपण बरोबर वाचले की नाही, हे मुलाला स्वतःलाच कळते. ही केवढी मोठी शिदोरी मुले घरून घेऊन येतात, आणि पाठ्यपुस्तक हाती आले की आपण ती बाजूला ठेवतो!

शब्दार्थांच्या वहीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: ती आहे त्या रूपात बंद करावी. ‘मिस्टेक म्हणजे चूक’ एवढेच लिहिले की मूल ‘डू मिस्टेक’ म्हणते, कारण मराठीत चूक करतात. गोळी खातात, म्हणून ‘ईट टॅब्लेट’ होते. ‘मेक अ मिस्टेक’, ‘टेक अ टॅब्लेट’ अशी जोडीच शिकवावी. आठवड्याला आठ-दहा शब्द पुरेत, पण प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने नव्या वाक्यात पुन्हा भेटला पाहिजे. मजकूर सलग वाचून समजायला त्यातले साधारण ९५ ते ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे संशोधन सांगते. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी शब्द फार तर पाच. याहून अवघड धडा आला की शिक्षक ओळीओळीचे भाषांतर सांगतात, मुले मराठी ऐकतात आणि वाचन होतच नाही. अडलेल्या शब्दाचा अर्थ मराठीत चटकन सांगायला मात्र कसलीही बंदी नको.

लेखन बोलण्यानंतर यावे. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘आय मँगो ईट’ हे ठरलेलेच. शब्द कागदाच्या पट्ट्यांवर लिहून मुलांना हाताने क्रम लावू द्यावा, वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावे, मग अर्धे दिलेले वाक्य पुरे करायला सांगावे आणि त्यानंतर स्वतःची तीन वाक्ये. तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. सगळी वही लाल झाली की मूल पुढच्या वेळी कमी लिहिते.

यासाठी आपल्याकडून चार गोष्टी हव्यात. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना ४४ इंग्रजी ध्वनींचे ध्वनिमुद्रण आणि वर्गातच होणारे प्रशिक्षण मिळावे. वर्गात शिकवून झालेल्या आवाजांपुरत्याच शब्दांच्या छोट्या वाचनपुस्तिका बालभारतीने काढाव्यात. केंद्रप्रमुखांनी वह्या पाहण्याऐवजी मुलांना एकेकटे बसवून एक मिनिट न पाहिलेला उतारा वाचायला द्यावा. आणि परीक्षेत पाठ करता येणाऱ्या प्रश्नोत्तरांचे गुण कमी करून ते न पाहिलेल्या उताऱ्याला आणि स्वतःच्या वाक्यांना द्यावेत. हा चौथा बदल आधी करावा. प्रश्नपत्रिका जुनीच राहिली तर पालक आणि शिक्षक दोघेही पुन्हा गाइडकडेच वळतील.

आपले,
मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक