खुब्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे रक्त रुग्णालाच परत देण्यासाठी संच हवेत : मदतीचे आवाहन

खुब्याचा सांधा बदलताना अर्धा ते दीड लिटर रक्त जाऊ शकते. जुना कृत्रिम सांधा काढून नवा बसवायचा असेल, तर त्याहूनही जास्त. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते साधारण पाच लिटर. इकडे जखमेतून ओढून घेतलेले हे रक्त सक्शनच्या बाटलीतून टाकून दिले जाते आणि तिकडे नातेवाईक रक्तपेढीत पिशवीची वाट बघत बसतात. या वाया जाणाऱ्या रक्तातल्या लाल पेशी धुऊन त्याच रुग्णाला परत देणारे सेल सेव्हर यंत्र रुग्णालयात आहे. अडते ते प्रत्येक रुग्णासाठी नव्याने उघडाव्या लागणाऱ्या निर्जंतुक संचापाशी.

आम्हाला 30 संकलन संच आणि 15 धुण्याचे संच हवे आहेत. दोन्ही सारखेच का नकोत, ते सांगायला हवे. संकलन संचात दुहेरी पोकळीची सक्शन नळी आणि गाळणी असलेली टाकी एवढेच येते. शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला तेवढेच लावायचे. रक्त कमी गेले, तर धुण्याचा बाऊल, म्हणजे धुण्याच्या संचातले फिरणारे भांडे, उघडायचाच नाही. अर्धवट भरलेल्या बाऊलमध्ये पेशी नीट धुतल्या जात नाहीत आणि परत मिळणारे रक्तही पातळ निघते. या एका शिस्तीमुळे महागडा संच वाचतो.

सक्शन नळीच्या टोकाशी रक्त आले की तिथेच त्यात हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध मिसळते : 1 लिटर सलाईनमध्ये 30,000 युनिट, सेकंदाला साधारण एक थेंब. टाकीही आधी 100 ते 200 मिलिलिटर हेपारिन सलाईनने ओली करून घ्यायची. हे थेंब थांबले आणि कुणाच्या लक्षात आले नाही, तर गाळणीवर काळसर, चिकट गुठळ्या बसतात आणि जमवलेले सगळे रक्त फुकट जाते. सक्शनचा जोरही शक्यतो 150 मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवावा लागतो. जोर वाढला किंवा नळी रक्ताच्या पृष्ठभागावर फुरफुरत हवा ओढू लागली, की पेशी फुटतात. म्हणून नळीचे टोक रक्तात बुडलेलेच हवे. रक्ताने भिजलेले मॉप (रक्त टिपायची कापडे) सलाईनच्या भांड्यात बुडवून हलक्या हाताने दाबले, तर त्यातलेही बरेच रक्त हाती लागते.

पुढे बाऊल वेगाने फिरतो, जड लाल पेशी कडेला बसतात, वरून लिटर-दीड लिटर सलाईन सोडले जाते. बाहेर जाणाऱ्या नळीतले पाणी आधी लाल, मग गुलाबी आणि शेवटी नितळ होते. ते नितळ दिसेपर्यंत धुणे थांबवायचे नाही, कारण फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन आणि हेपारिन त्याच पाण्याबरोबर निघून जाते. पिशवीत येतात त्या फक्त लाल पेशी. रक्त गोठायला लागणारे प्लाझ्मा आणि प्लेटलेट त्यात नसतात, त्यामुळे फार रक्तस्राव झाला तर ते वेगळे द्यावेच लागतात. पिशवीवर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि वेळ लिहायची, ती रुग्णापासून हलवायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही आणि धुणे संपल्यापासून चार तासांच्या आत द्यायची. पिशवीत हवा असू शकते. म्हणून दाबपट्टा लावून ती कधीही चढवू नये. ती हवा शिरेत गेली तर जीवावर बेतते.

प्रत्येक रुग्णासाठी हे यंत्र वापरावे, असे आमचे म्हणणे नाही. पहिल्याच सांधेबदलात ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध आणि आधी वाढवलेले हिमोग्लोबिन यांवर बहुतेक वेळा भागते. यंत्राची खरी गरज लागते ती दुसऱ्यांदा होणाऱ्या सांधेबदलात, बॉम्बे रक्तगटासारखा दुर्मीळ गट असलेल्यांना, आणि अंगात अँटिबॉडी असल्यामुळे जुळणारे रक्त मिळत नाही अशांना. सांध्यात पू किंवा गाठीचा कर्करोग असेल, तर निर्णय शस्त्रक्रियातज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांचा. हाडाचे सिमेंट ओले असताना, किंवा जखमेत आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड वा साधे निर्जंतुक पाणी ओतले असताना साध्या सक्शनवर जायचे, यंत्राच्या नाही. साध्या पाण्याने लाल पेशी फुगून फुटतात. दोन सक्शन शेजारी असताना घाईत हीच चूक होते, म्हणून दोन्ही नळ्यांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

पैशांखेरीज माणसेही हवीत. यंत्र चालवणाऱ्याने शस्त्रक्रियेत दुसरे काम करायचे नसते. सेल सेव्हर हाताळलेले ओटी टेक्निशियन किंवा भूलतज्ज्ञ महिन्यातून एक दिवस शिकवायला येऊ शकले, तर ती मदत एखाद्या संचाहून मोठी ठरेल. आणि कृपा करून रक्तदान थांबवू नका. गेलेल्यापैकी सगळ्या पेशी परत मिळत नाहीत. दात्याच्या रक्ताची तयारी ठेवूनच हे काम करावे लागते.

ज्यांच्या घरात खुब्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी चार-सहा आठवडे आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोह कमी असेल, तर ते भरून काढायला तेवढा वेळ लागतो.

वस्तुरूपाने संच देणाऱ्यांनी खरेदीपूर्वी आमच्या समितीकडून यंत्राचे मॉडेल विचारून घ्यावे. एका कंपनीचा बाऊल दुसऱ्या यंत्रात बसत नाही. वेष्टन फुटलेले नसावे, मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी. रोख देणगीच्या पावतीवर 'संकलन संच' की 'धुण्याचा संच' हे लिहून घ्यावे. रक्कम त्याच कामी वापरली जाईल.