शनिवारची बैठक : पानशेतच्या आठवणी आणि व्हॉट्सअ‍ॅप

नमस्कार शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

येत्या शनिवारी दुपारी 2 वाजता शाळेच्या संगणक कक्षात भेटू. आठवी-नववीला शिकवणाऱ्या सर्वांनी यावं.

विषय पानशेतचा पूर. 12 जुलै 1961 च्या आठवणी मुलांनी आजी-आजोबांच्या आवाजात रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर पाठवायच्या आणि जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहायच्या. आलेला मेसेज पडताळायची सवय अशीच लागते, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

• व्हॉट्सअ‍ॅपसाठी किमान वय 13 आहे. आठवीतली काही मुलं जूनमध्ये तेवढीही नसतात. ग्रुप पालकांच्या नंबरवरच, लेखी संमतीनंतर.
• मुलांचे फोटो, पूर्ण नावं बाहेर टाकू नयेत.
• फोन नसलेल्या मुलांची यादी आणा. त्यांचं रेकॉर्डिंग शाळेत करू.